मास्तरच्या मागच्या पायाची नाल

त्या शनिवारची सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून हाताळले, दरोडे हाताळले, दोन दंगली जवळून पाहिल्या. तरी आठवणी सांगा म्हटलं की सगळ्यात आधी मला ते प्रकरण आठवतं, ज्यात कोणाला शिक्षा झाली नाही आणि ज्यातला पीडित चार पायांवर उभा होता. कोणाचं नाव सांगणार नाही. माणसं अजून आहेत, घोडाही आहे.

तेव्हा मी पुण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो आणि रेसकोर्स आमच्या हद्दीत येत होतं. पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यातला. जुलै उजाडला की आमच्या ठाण्याच्या ड्युटी चार्टवर 'रेस बंदोबस्त' हा रकाना वाढायचा. या बंदोबस्ताचा एक साधा नियम असतो: पोलिसाने शर्यतीकडे पाठ करून उभं राहायचं, तोंड गर्दीकडे. त्यामुळे पहिल्या दोन हंगामांत मी एकही शर्यत पाहिली नाही. ऐकल्या मात्र सगळ्या. पाठीमागून टापांचा आवाज यायचा, समोर हजारभर चेहरे एकाच दिशेने वळत जायचे, आणि त्या चेहऱ्यांवरूनच मला कळायचं की घोडे कुठपर्यंत आले. ओरडा, शिव्या, देवाचं नाव, सगळं एकदम. मला त्यात रस नव्हता. माझं लक्ष खिसेकापूंवर.

तिसऱ्या हंगामात एका रविवारी काहीतरी वेगळं झालं. घोडे शेवटच्या वळणावर आले असतील, एवढ्यात गर्दी गप्प झाली. ओरडणारी माणसं तोंड उघडं ठेवून थांबली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, अपघात झाला. मी वळलो.

आठ घोडे एका घोळक्यात होते आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाने, सगळ्यात मागून, एक तांबूस रंगाचा घोडा येत होता. त्याचा जॉकी हलतसुद्धा नव्हता. चाबूक नाही, आरडाओरडा नाही. तो घोडा वेग वाढवतोय असं वाटतच नव्हतं; बाकीचे आठ जागच्या जागी थांबत चाललेत असं वाटत होतं. तो त्यांच्या शेजारून गेला, पुढे गेला, आणि तसाच जात राहिला. माझ्यासमोरून गेला तेव्हा गर्दीकडे तोंड करायचं मी विसरलो होतो.

शर्यत संपल्यावर त्याला परत आणलं. दुसरे घोडे घामाने निथळत होते, तोंडाला फेस आलेला. हा मान वर करून उभा राहिला आणि गर्दीकडे बघत राहिला. वर्गात गोंधळ चालू असताना एखादे शिक्षक काही न बोलता टेबलापाशी उभे राहतात ना, अगदी तसा. रेसकोर्सवर त्याला सगळे 'मास्तर' का म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. त्याचं कागदावरचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते कोणी वापरत नसे.

त्याची बाकी हकिकत मला आमच्या महिला हवालदारांनी सांगितली. त्यांचे वडील रेसकोर्सवर माळी होते, त्यामुळे बाईंचं बालपण तबेल्यांच्या आसपास गेलेलं. मास्तर पुण्याजवळच्याच एका स्टड फार्मवर जन्मला. अंगाने लहान, आणि पुढचा उजवा पाय किंचित आत वळलेला. लिलावात त्याच्याकडे कोणी बघेना. मार्केट यार्डातले एक गुळाचे अडते तिथे केवळ मित्राबरोबर गेले होते. त्यांच्या हाताला गुळाचा वास. ते शिंगरू त्यांच्यामागे मान लांब करत चालू लागलं. शेठना आयुष्यात घोडा घ्यायचा नव्हता, पण घेऊन आले.

"पहिल्या शर्यतीत शेवटचा आला, साहेब," हवालदार बाई म्हणाल्या. "दुसऱ्या शर्यतीत पाचवा. सगळे शेठना हसले. तिसरीपासून जो सुटला तो सुटलाच. मुंबईत जिंकला, बंगळुरात जिंकला. चिखलात जिंकला, कोरड्यावर जिंकला. एकदाच हरला, आणि त्या दिवशी त्याला ताप होता."

"तुम्ही पैसे लावता काय?"

"नाही साहेब. मी फक्त बघते."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्या रविवारनंतर कळत होतं. त्या हंगामात फक्त बघायला येणारे खूप होते. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं रजा टाकून यायची. पेठांमधले पेन्शनर, ज्यांनी जन्मभर रेसकोर्सला नावं ठेवली, तेही छत्री घेऊन कठड्याशी उभे असायचे. आणि आता हंगामातली सगळ्यात मोठी शर्यत येत होती. ती जिंकली असती तर एका हंगामातल्या सगळ्या मोठ्या शर्यती जिंकणारा तो आमच्या आठवणीतला पहिलाच घोडा ठरला असता.

त्या शर्यतीच्या आधीच्या बुधवारी, दुपारी तीनच्या सुमारास, ठाण्याच्या फोनवर एका बाईचा फोन आला. तो हवालदार बाईंनीच घेतला. पलीकडची बाई एवढंच बोलली: "रविवारी मास्तरला पळवू नका. पळाला तर त्यो तिथंच मरंल." फोन बंद.

त्या नंबरवर परत फोन लावला तर एका पुरुषाने उचलला. तो स्वारगेटला सोलापूरच्या गाडीची वाट बघत उभा होता. एका बाईने मिनिटभर फोन मागितला, त्याने दिला, ती गर्दीत निघून गेली. डोक्यावर पदर होता, वय चाळिशीच्या पुढचं, एवढंच त्याला सांगता आलं. स्वारगेटच्या गर्दीत अशी बाई शोधणं म्हणजे काय, ते पुणेकरांना सांगायला नको.

मी स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितली: 'घोड्यास जिवे मारण्याची धमकी.'

हवालदार बाई लिहिता लिहिता थांबल्या. "साहेब, ती धमकी वाटत नव्हती. 'मारीन' नाही म्हणाली ती. 'मरंल' म्हणाली."

"एकच ते."

"आणि रडत होती."

"लिहा हो," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. ही माझी पहिली चूक.

त्याच संध्याकाळी मी तबेल्यावर गेलो. ट्रेनर पन्नाशीचे, शिस्तीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं दाखवलं. मास्तरच्या खोलीला एकच दार. आत जाणारे चार जण: स्वतः ट्रेनर, घोड्यांचे डॉक्टर, नालबंद आणि सईस. सईस म्हणजे घोड्याची सगळी देखभाल करणारा माणूस. मास्तरचा सईस दौंडकडचा, पन्नाशीचा, काटकुळा. मी प्रश्न विचारत होतो आणि तो खाली बसून घोड्याचे पाय चोळत होता. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं मला वाटलं. ते बरोबर होतं. काय लपवतोय, याचा अंदाज मात्र साफ चुकला.

मी दाराबाहेर चोवीस तासांचा पहारा लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवली. चारा-पाणी ट्रेनरसमोर तपासूनच आत जाईल, असं ठरलं. गुरुवार, शुक्रवार काही झालं नाही. गुरुवारी सकाळी मास्तरने सराव केला, आणि घड्याळ लावून बसलेले जुने जाणते एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वेगाने तो पूर्वी कधी धावला नव्हता म्हणे.

शनिवारी सकाळी सव्वासहाला पहाऱ्यावरच्या शिपायाचा फोन आला. "साहेब, मास्तरची नाल काढलीय कोणीतरी."

मी पोचलो तेव्हा तबेल्यात माणसं जमली होती. मागच्या डाव्या पायाची नाल काढून भिंतीला उभी करून ठेवली होती. खिळे तिच्याशेजारी ओळीने मांडलेले. नुसती नाल काढली असती तर नालबंदाने अर्ध्या तासात नवी ठोकली असती. पण करणाऱ्याने खुराची कड कानशीने अशी घासून ठेवली होती की खिळ्याला धरायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टर खाली बसून पाहत होते. "जखम नाही. रक्त नाही. दुखतही नसणार," ते म्हणाले. "पण पंधरा दिवस तरी इथे खिळा बसायचा नाही."

म्हणजे उद्याची शर्यत गेली.

शिपाई रडकुंडीला आला होता. पाच वाजता सईस नेहमीसारखा आत गेला, पाऊण तासाने बाहेर आला, दुसरं कोणी गेलं नाही, अशी त्याची वही सांगत होती. सईस कोपऱ्यात बादलीजवळ उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो. काही विचारण्याआधीच तो बोलला.

"म्या केलं, साहेब."

नऊ वाजता शेठ ठाण्यात आले. गुन्हा नोंदवला. त्या वेळच्या कायद्यात कलम ४२९ होतं: हत्ती, उंट, घोडा, खेचर, बैल यांपैकी कोणाला ठार करणं, विष देणं, निकामी करणं. एवढ्या नोकरीत हे कलम मी पहिल्यांदाच लावत होतो. शेठनी तक्रारीवर सही केली. पेन खाली ठेवल्यावर म्हणाले, "माझ्या घरच्या लग्नाला आलाय तो माणूस." आणि गेले.

सईसला माझ्या खोलीत बसवलं. खुर्ची दिली तर जमिनीवर बसला. केलं हे त्याने कबूल केलं होतं, पण चौकशीत कबुलीला फारसा अर्थ नसतो. कोणी करायला लावलं, का केलं, हे कळलं पाहिजे. मी दहा वाजता सुरुवात केली.

"तुला कोणी सांगितलं?"

गप्प.

"काय देतो म्हणाले?"

गप्प.

"मुलाबाळांना धमकावलंय का कोणी?"

मान हलवली. नाही.

चहा मागवला. तो त्याने प्यायला नाही. मी जुन्या पद्धतीने त्याला तासभर एकटं सोडलं. गुन्हेगार माणूस एकटा सोडला की हलायला लागतो. दाराकडे बघतो, कपाळ पुसतो, पाणी मागतो. हा भिंतीला टेकून शांत बसून होता. मी काचेतून बघत होतो. मोठं काम उरकल्यावर माणूस जसा बसतो, तसा तो बसला होता. मला राग आला आणि थोडी भीतीही वाटली, कारण असा आरोपी मी पाहिला नव्हता. त्याच्या मोबाइलची माहिती आली. आठवडाभरात बायकोशिवाय कोणाला फोन नाही. त्याच्या घराची झडती झाली. दोन पातळं, चार भांडी, आणि भिंतीवर मास्तरचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो.

साडेअकराला मी पुन्हा तबेल्यावर गेलो. चौकशी अडली की जागेवर जावं, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं. मास्तर खोलीत उभा होता. जवळून मी त्याला प्रथमच निवांत बघत होतो. त्याची कातडी पाण्यासारखी हलत होती, तिच्याखाली प्रत्येक शीर दिसत होती. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चौकशी मी त्याची करतोय की तो माझी, ते मला सांगता आलं नसतं.

पंचनाम्याची मोजमापं पुन्हा घेण्यासाठी मी शिपायाला सांगितलं, "जा, मागचा पाय बघ."

"मी नाही जात, साहेब," तो पटकन म्हणाला. "मागून लाथ बसली तर बरगड्या जातील. पुढचा असता तर गेलो असतो."

मी त्याला रागावणार होतो, तेवढ्यात थांबलो. शिपाई अगदी सरळ गोष्ट बोलला होता. ज्याला घोडा शर्यतीतून बाहेर काढायचाय, घाईत काम उरकायचंय, तो पुढचा पाय उचलेल. हाताशी असतो, सोपा असतो. मागच्या पायाशी कोण जाईल? मी घोड्याकडे नीट बघितलं. आता मला आणखी एक गोष्ट दिसली. मागचा डावा खूर उघडा होता, पण त्या पायावर तो बिनधास्त उभा होता. पुढचा उजवा पाय मात्र त्याने वीतभर पुढे टाकून ठेवला होता, भार न देता. हाच तो जन्मापासून आत वळलेला पाय.

ठाण्यात परत आलो आणि सईससमोर जमिनीवरच बसलो.

"एकच सांगा," मी म्हटलं. सकाळपासून मी त्याला 'तू' म्हणत होतो. 'सांगा' कसं आलं ते मलाच कळलं नाही. "मागचाच पाय का?"

त्या दिवशी त्याने प्रथमच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"पुढचा डावा उचलला आस्ता," तो हळू म्हणाला, "तर समदा भार उजव्यावर आला आस्ता, साहेब. दुखऱ्या पायावर भार कसा टाकू?"

आणि मग तो बोलत गेला. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी पाय चोळताना त्याच्या हाताला मास्तरच्या पुढच्या उजव्या पायाच्या नळीवर, गुडघ्याखाली, ऊब लागली होती. सूज नाही, लंगडणं नाही, खाणंपिणं ठीक. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर फक्त ऊब. सकाळी नसायची, सरावानंतर यायची. हाड आतून उकलतंय, अशी त्याची खात्री होती. तीस वर्षांत अशी ऊब त्याच्या हाताला दोनदा लागली होती, आणि ते दोन्ही घोडे धावता धावता पडले होते. त्यांना तिथेच मैदानात इंजेक्शन द्यावं लागलं.

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"सांगितलं की. ट्रेनरसायबाला सांगितलं. त्यांनी लगेच डाक्टर बोलावला, पायाचा फोटो काढला. फोटोत काय निघालं न्हाई. सायेब वाईट न्हाईत. पर फोटोम्होरं माझ्या हाताला कोण इचारतंय?"

"आम्हाला तरी सांगायचं."

"तुमाला सांगून काय झालं आस्तं? तुमी परत फोटो काढला आस्ता. परत काय न्हाई निघालं, तर त्यो रविवारी पळाला आस्ता. आणि पळाला आस्ता तर मेला आस्ता. आता माझं काय व्हायचं ते हूद्या. त्यो उभा हाय."

दारात हवालदार बाई उभ्या होत्या. बुधवारची डायरी मला आठवली. फोन करणारी बाई कोण होती, ते आता शोधायची गरज नव्हती. त्याची बायको गावाकडून येऊन स्वारगेटला उतरली होती, नवऱ्याने आदल्या रात्री फोनवर सांगितलेलं तिच्या पोटात मावत नव्हतं. तिने नवऱ्याला न सांगता फोन केला. तिने आम्हाला अगदी खरं तेच सांगितलं होतं, आणि मी ते धमकी म्हणून लिहून घेतलं होतं.

मी मार्केट यार्डात शेठच्या गाळ्यावर गेलो. ढेपांच्या थप्प्यांमध्ये ते एकटेच बसले होते, हमालांना त्यांनी लवकर सोडलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अहो साहेब, आरोपी तुम्हीच धरलात, आणि आता त्याचीच बाजू घेऊन आलात?"

"बाजू नाही. पायाचा एक फोटो काढायचाय."

"काढलाय आम्ही. काही नव्हतं."

"पुन्हा काढा."

"आणि आताही काही नसलं तर?"

"तर मी तुमची माफी मागेन आणि तो कोर्टात जाईल."

शेठनी पायात चपला सरकवल्या. "चला. शर्यत तर गेलीच आहे. निदान कळू तरी द्या."

संध्याकाळी पाचला डॉक्टरांनी तबेल्यातच एक्स-रेचं यंत्र आणलं. मास्तर जराही हलला नाही. एका बाजूने फोटो काढला, काही नाही. दुसऱ्या बाजूने काढला. डॉक्टर पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि तिसरा फोटो जरा तिरका काढला. मग त्यांनी बोट टेकवलं. सईसने दुपारी सांगितलेल्या जागेवर, केसाइतकी बारीक रेघ.

"अशी चीर पडल्यावर लगेच दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "हाड भरून यायला लागलं की दहा-बारा दिवसांनी दिसते. गेल्या आठवड्यात ती होती, फक्त फोटोत येत नव्हती. उद्या शेवटच्या वळणावर पूर्ण वेगात असताना या पायाचे दोन तुकडे झाले असते. वरचा जॉकीही वाचला असता की नाही, सांगता येत नाही."

"पण गुरुवारी तो धावला," शेठ म्हणाले. "याच पायावर. इतका जोरात तर तो कधीच..."

"हो," डॉक्टर म्हणाले. "हे घोडे दुखणं दाखवत नाहीत. पळायचं म्हटलं की पळतात."

चिरलेल्या हाडावर तो प्राणी आयुष्यातला सगळ्यात वेगवान सराव करून आला होता, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. जगात फक्त दोघांना ते जाणवलं होतं. एक स्वतः तो, आणि दुसरा जमिनीवर बसून त्याचे पाय चोळणारा माणूस.

ट्रेनर उलट्या बादलीवर बसले होते. ते उठले आणि माझ्याबरोबर गाडीत बसून ठाण्यात आले. सईस बाकावर होता. ट्रेनर त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांना पुष्कळ काही बोलायचं होतं, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "चल. संध्याकाळचं त्याला कोण घालणार?"

सईस उठला. मी म्हटलं, "थांबा, हजर राहायच्या नोटिशीवर अंगठा राहिलाय."

"सही येती मला," तो म्हणाला.

रविवारी मास्तरशिवाय शर्यत झाली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. शेठनी जबाब बदलून दिला. मालकाचं नुकसान करण्याचा हेतू नव्हता, उलट मालकाची वस्तू वाचवण्यासाठी कृत्य केलं, असं तपासात आढळल्याचा 'क' समरी अहवाल मी न्यायालयाला पाठवला. गैरसमजातून नोंदलेल्या गुन्ह्यासाठी तो असतो. न्यायालयाने मंजूर केला. सरकारी कागदावर प्रकरण तिथे संपतं.

मास्तर पाच महिने खोलीबाहेर पडला नाही. मग हातात धरून चालणं, मग दुडकी, मग सराव. सईसने हात लावून 'आता बरा हाय' म्हटल्याशिवाय त्याला मैदानात न्यायचं नाही, असा ट्रेनरने नियमच केला होता. पुढच्या वर्षी तीच मोठी शर्यत आली तेव्हा माझी बदली झाली होती. मी साध्या कपड्यांत, पत्नीला घेऊन गेलो. ती आयुष्यात पहिल्यांदाच रेसकोर्सवर येत होती आणि वाटेभर कुरकुरत होती.

मास्तर आता पाच वर्षांचा होता. या वेळी तो मागे राहिला नाही. पहिल्यापासून पुढे राहिला, कोणाच्याही गर्दीत न जाता, पाय मोकळा ठेवून. शेवटच्या वळणावर दोन तरुण घोडे त्याच्या बरोबरीला आले. क्षणभर तिघे एका रेषेत होते. पत्नीने माझा दंड धरला. आणि मग तो पुढे झाला. फार नाही, मानेएवढाच. त्या दोघांनी जीव तोडला, पण ती मानेएवढी जागा त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. आत वळलेला तो पाय प्रत्येक उडीत पडत होता, उठत होता, पडत होता. जिंकल्यावर कोणी ओरडलं नाही. आधी एक लांब श्वास ऐकू आला, हजारो माणसांचा एकदम. ओरडा नंतर झाला.

पत्नीचे डोळे भरले होते. "असं असतं होय," एवढंच म्हणाली.

शेठनी त्याच दिवशी जाहीर केलं, हा यापुढे पळणार नाही. मास्तर स्टड फार्मवर गेला, जिथे जन्मला होता तिथेच, आणि त्याचा सईसही त्याच्याबरोबर गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? पोलीस खात्यात पुराव्याला पर्याय नाही, आणि तो नसावाच. पण पुरावा तयार होण्याआधी कोणाला तरी कळलेलं असतं. ज्याला कळलेलं असतं तो बहुधा गरीब असतो, त्याला नीट सांगता येत नाही, आणि आपण त्याचं ऐकून घेत नाही, कारण कागदावर काही नसतं. पुढे दुसऱ्या एका ठाण्यात घरकाम करणारी एक बाई आली. म्हणाली, "आमच्या आजी दारातून बोलल्या, आज येऊ नका म्हणाल्या. पण त्या मला कधी अहोजाहो करत नाहीत, आज केलं." एवढ्यावर कोणी तक्रार घेत नाही. मी गाडी काढायला सांगितली. आजींच्या मागे घरात चाकू घेतलेला माणूस होता. आजी वाचल्या. मी त्या बाईंना एकच विचारलं होतं: तुम्हाला कसं कळलं? हा प्रश्न मी आधीच्या कितीतरी वर्षांत कोणाला विचारलाच नव्हता. मी फक्त 'काय केलंस' आणि 'कोणी सांगितलं' एवढंच विचारत आलो होतो.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी स्टड फार्मवर गेलो. मास्तर मोकळ्या गवतात उभा होता, पोट थोडं सुटलेलं, मान तशीच. सईस आता पुरता पिकला होता. त्याने मला ओळखलं, जवळ बोलावलं, आणि माझा हात धरून मास्तरच्या पुढच्या उजव्या नळीवर ठेवला.

"काय लागतंय?"

मी डोळे मिटले. कातडी, केस, खाली टणक हाड. "काही नाही," मी म्हटलं.

"न्हाई कसं? नीट बघा."

मी पुन्हा प्रयत्न केला. बराच वेळ. मग कुठेतरी, फार आत, एक बारीक ठोका लागला. घोड्याचा, की माझ्याच बोटाचा, ते ठरवता येईना.

"मला शिकवाल?" मी विचारलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ईस वर्सं लागत्याल, साहेब."

"लागू देत."

"मग उद्या पाच वाजता या. आधी शेण काढायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पत्नीने विचारलं, आता कुठला बंदोबस्त? मी जुने बूट शोधत होतो.